‘हायब्रिड बॅटरी गेली’ म्हणतात, पण मोजलं कोणी?

काटोलच्या एका संत्रा बागायतदार भाऊंचा प्रश्न असा आहे. त्यांच्याकडे डबल कॅबची डिझेल पिकअप आहे, ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड (म्हणजे इंजिनाला लहान बॅटरी आणि मोटर हात देते ती), साडेतीन वर्षांची, सत्तर हजार किलोमीटर झालेली. एप्रिल लागल्यापासून दुपारी माल घेऊन कळमन्याच्या बाजाराला निघालं की मीटरवर ‘हायब्रिड सिस्टीम तपासा’ असा इशारा येतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं तेही थांबलंय. दोनदा लाल चार्जिंगचा दिवाही लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळं साफ. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून बिघाडाचे तीन कोड लिहून दिले, पी-०५६२, यू-०१११ आणि पी-०ए९४, आणि हायब्रिड बॅटरीचा पूर्ण पॅक बदलायला सांगितला. गावातला वायरमन म्हणतो, हायब्रिड काढून टाका, मी साधा डायनॅमो बसवून देतो. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं?

भाऊ, सध्या दोघांचंही ऐकू नका. नागपूरच्या ऑटोमोटिव्ह चौकाजवळ गेली वीस-बावीस वर्षं मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकचंच काम करतो. ४८ व्होल्टच्या गाड्या आमच्याकडे अजून मोजक्याच येतात, पण १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवाल्या माइल्ड हायब्रिड कार पुष्कळ पाहिल्या. दोन्हींत लोकांचे पैसे एकाच ठिकाणी वाया जातात. मीटरवर ‘हायब्रिड’ शब्द दिसला की सगळ्यात महागड्या भागावर बोट ठेवलं जातं. तुमचा पॅक चांगलाच आहे असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तो खराब असल्याचं अजून कोणी मोजून दाखवलेलं नाही, एवढं तुमच्या कागदावरून नक्की दिसतं.

ते तीन कोड आधी वाचू. पी-०५६२ म्हणजे गाडीचा १२ व्होल्टचा पुरवठा कमी पडला. यू-०१११ म्हणजे हायब्रिड बॅटरीचा कॉम्प्युटर बाकीच्या कॉम्प्युटरांना उत्तर देईना. पी-०ए९४ म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टरचं (४८ व्होल्टचे १२ व्होल्ट करणाऱ्या भागाचं) काम अपेक्षेप्रमाणे होत नाही. पॅक बदला असं थेट सांगणारा कोड वेगळा आहे, पी-०ए८०. पॅक प्रमाणाबाहेर तापला असं सांगणारा पी-०ए७ई. हे दोन्ही तुमच्या यादीत नाहीत. मग पॅकचा निष्कर्ष कशावरून काढला, हे सर्व्हिस सेंटरला शांतपणे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता गाडीत वीज फिरते कशी ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लागेल. जुन्या गाडीत पट्ट्यावर जिथे डायनॅमो असायचा, तिथे तुमच्या गाडीत मोटर-जनरेटर आहे. चालताना तो ४८ व्होल्टची वीज तयार करतो. उतारावर आणि ब्रेक मारताना जास्त करतो, आणि गाडी उचलताना मोटर होऊन इंजिनाला हात देतो. ती वीज मागच्या सीटजवळच्या लिथियम पॅकमध्ये साठते. तिथून कन्व्हर्टर ती १२ व्होल्टवर उतरवतो. हेडलाइट, एसीचा पंखा, सेन्सर, सगळे कॉम्प्युटर आणि बॉनेटखालची नेहमीची बॅटरी या १२ व्होल्टवर जगतात. त्यांच्यासाठी वेगळा डायनॅमो नाही. अमेरिकेत रॅम १५०० पिकअपमध्ये २०१९ च्या मॉडेलपासून अशी मांडणी आली. टोयोटाने परदेशात विकलेल्या ४८ व्होल्टच्या हायलक्समध्येही साधारण तीच आहे. तिथला पॅक फक्त ७.६ किलोचा, मागच्या सीटखाली बसवलेला, आणि मोटर १२ किलोवॉटपर्यंत जोर देते. तुमची गाडी कोणतीही असो, हा पॅक लहान असतो, हे लक्षात ठेवा. तो बॅटरीवर गाडी चालवायला नसतो. थोडी वीज भराभर घ्यायची आणि भराभर द्यायची, एवढंच त्याचं काम.

निदान चुकतं ते पुढच्या गोष्टीमुळे. ४८ व्होल्टच्या पॅकला जोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि त्याच्यावर नजर ठेवणारा कॉम्प्युटर १२ व्होल्टवर चालतात. १२ व्होल्ट एका क्षणासाठी खाली बसले की पॅकचा कॉम्प्युटर गप्प होतो आणि रिले सुटतो. मग कन्व्हर्टरला आत वीज मिळत नाही, तो १२ व्होल्ट तयार करत नाही, आणि बॅटरी आणखी खाली जाते. या साखळीची सुरुवात कुठूनही झाली तरी शेवटी स्कॅनरवर हेच तीन कोड दिसतात. आधी काय पडलं, त्यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये पहिली मागणी फ्रीज फ्रेमची करा. प्रत्येक कोड नोंदला गेला त्या क्षणी किती किलोमीटर झाले होते, १२ व्होल्टच्या बाजूला किती व्होल्ट होते, पॅकचं तापमान किती होतं, हे गाडीच्या आठवणीत असतं. त्याची प्रिंट घ्या, निदान स्क्रीनचा फोटो तरी घ्या. कोड पुसायच्या आधी घ्या, कारण कोडबरोबर ही माहितीही जाते. बाजारात मिळणारे लहान ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनाचेच कोड वाचतात. पॅकच्या कॉम्प्युटरपर्यंत ते पोहोचत नाहीत, त्यामुळे घरी ‘काहीच कोड नाही’ दिसलं तर त्यावर विसंबू नका.

फ्रीज फ्रेममध्ये सर्वात आधी पी-०५६२ दिसला आणि त्या वेळी व्होल्टेज अकरा-साडेअकराच्या आसपास असेल, तर माझं पाऊल थेट बॉनेटकडे जाईल. साडेतीन वर्षांची लेड-ॲसिड बॅटरी नागपूरच्या उन्हात म्हातारी झालेली असते. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे, आणि बॉनेटखाली मे महिन्यात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, दार उघडून दिवे लागायच्या आत, मल्टिमीटर लावा. १२.६ च्या जवळ असेल तर भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर तीच तुमची पहिली संशयित. त्यानंतर सेल्फ मारताना बघा. व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीत दम नाही. थंड गाडी पहिल्यांदा चालू करायला यातल्या बऱ्याच गाड्यांत अजूनही साधा १२ व्होल्टचा सेल्फच असतो, म्हणून ही चाचणी इथेही चालते.

इंजिन चालू, एसी, पंखा आणि हेडलाइट चालू असताना त्याच टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवं. ते दिसत असेल तर त्या वेळेपुरता कन्व्हर्टर शाबूत आहे. साडेबारावर अडकून हळूहळू उतरत असेल तर वीज येतच नाही. इथे क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती पकडून प्रवाह मोजणारा मीटर, फार कामाला येतो, आणि तो वापरणारे मला कमी दिसतात. तासभर गाडी चालवून आल्यावर निरोगी बॅटरी जेमतेम काही अँपिअर घेते. ती तेव्हाही वीस-पंचवीस अँपिअर ओढत असेल तर तिचा एखादा सेल आतून बसलाय. अशी बॅटरी कन्व्हर्टरला दिवसभर जुंपून ठेवते. तो तापतो, तापला की स्वतःला वाचवायला वीज कमी देतो, आणि नेमकं दुपारी एसी पूर्ण जोरात असताना १२ व्होल्ट खाली येतात. मग पी-०ए९४. सकाळी गार झाल्यावर सगळं साफ. तुमची लक्षणं या गोष्टीशी इतकी जुळतात की पैज लावायची वेळ आली तर मी इथे लावेन. तरीही मोजल्याशिवाय बॅटरीसुद्धा बदलू नका. बदलायचीच झाली तर कंपनीने सांगितलेल्याच प्रकारची घ्या. अशा गाडीला एजीएम किंवा ईएफबी प्रकारची, वारंवार बंद-चालू सोसणारी बॅटरी लागते. साधी स्वस्त बॅटरी इथे वर्षभरात रडवते. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावीही लागते.

बॅटरी चांगली निघाली तर अर्थ तपासायचा, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू गाडीच्या बॉडीला जिथे जोडलेली असते तो जोड. मागच्या वर्षी उमरेडच्या बाजूने एक ४८ व्होल्टची मोठी डिझेल गाडी आली होती. मालक खाणीच्या कामाचे ठेकेदार. त्यांच्या हातातही पॅकचं कोटेशन होतं. आमच्याकडे उभी असताना गाडीत काहीच दोष दिसेना. मी त्यांना घेऊन कच्च्या रस्त्यावर गेलो, सोबत लॅपटॉप आणि लांब वायरीचा मल्टिमीटर. खड्ड्यात गाडी आपटली की पॅकचा कॉम्प्युटर गायब, दोन सेकंदांत परत हजर. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत भारावर, म्हणजे वीज ओढली जात असताना, ०.९ व्होल्ट वाया जात होते. तिथे ०.१, फार तर ०.२ असायला हवे. कारण साधं निघालं. पुढे बुल बार आणि मोठे दिवे लावताना कोणीतरी अर्थचा बोल्ट काढला होता आणि रंग मारलेल्या पत्र्यावर तसाच परत बसवला होता. पॉलिश पेपरने पत्रा घासून चमकवला, वायरीच्या टोकाला नवा लग (धातूची कडी) लावला, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळला. पॅक तोच आहे आणि इशारा परत आलेला नाही. ते कोटेशन हातात धरून उभे राहिलेल्या त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. त्याने गाडीचे दोन हप्ते त्या पॅकसाठी बाजूला काढून ठेवले होते.

म्हणून तुम्हाला विचारतो, गाडीला बाहेरून काय काय बसवलंय? डॅशकॅम, जीपीएस, जास्तीचे दिवे, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टीम? त्यांची निगेटिव्ह वायर सरळ बॅटरीच्या टोकावर घेतली असेल तर ती काढून बॉडीच्या ठरलेल्या अर्थ पॉइंटवर न्या. निगेटिव्ह टर्मिनलवर एक लहानसा सेन्सर असतो, बॅटरीत किती वीज गेली आणि आली याचा हिशेब ठेवणारा. त्याला टाळून वायर घेतली की हिशेब चुकतो आणि गाडी चुकीचे निर्णय घेते. गाडी लॉक करून तासाभराने, सगळे कॉम्प्युटर झोपल्यावर, ५० मिलीअँपिअरच्या वर वीज जात असेल तर यातलंच काहीतरी रात्रभर बॅटरी पितंय. ४८ आणि १२ दोन्ही बाजू शेवटी याच बॉडीला अर्थ होतात, म्हणून ४८ चा अर्थ सैल झाला तर त्याचा प्रवाह १२ च्या वायरींतून वाट काढू शकतो आणि कॉम्प्युटर जाळू शकतो. त्या बोल्टला घरी हात लावू नका, पण ‘तपासला का’ हे सर्व्हिस सेंटरला जरूर विचारा.

आता उष्णतेकडे येतो, कारण तुमच्या बाबतीत ती नक्की सामील आहे, कारण म्हणून किंवा निमित्त म्हणून. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले. असा दिवस असेल तर बंद काचांची उभी गाडी आतून साठ अंशांच्या पुढे जाते. आणि बऱ्याच गाड्यांत पॅकला थंड ठेवणारा छोटा पंखा केबिनमधलीच हवा ओढतो. मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली त्याची जाळी असते. तुम्ही संत्र्याचे क्रेट, पोती, औषधाचे कॅन मागच्या सीटवर किंवा पायाशी ठेवता का? ती जाळी झाकली गेली की पॅक गुदमरतो. बागेची धूळ आणि वाळलेली पानं आत ओढली जातात ती वेगळीच. जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, व्हॅक्यूमने साफ करा, आणि पंखा फिरतो की नाही ते सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनरवरून चालवून बघायला सांगा. उन्हात उभी गाडी सुरू करताना आधी काचा खाली करून गरम हवा बाहेर काढा, मग एसी लावून दोन-चार मिनिटांनी निघा. पॅकला पोचणारी हवा ही तुमच्या अंगाला लागते तीच हवा आहे.

इथेच एक गैरसमज दूर करतो. सिग्नलला इंजिन बंद होणं थांबलं म्हणजे बिघाडच झाला असं मुळीच नाही. पॅक गरम असेल, एसीला खूप काम असेल, १२ व्होल्टची बॅटरी पुरती भरलेली नसेल, तर गाडी मुद्दाम ते थांबवते. मे महिन्यात दुपारी वर्धा रोडवर माझ्या ओळखीच्या एकाही माइल्ड हायब्रिडचं इंजिन सिग्नलला बंद होत नाही. त्या लक्षणाला वजन देऊ नका. लाल दिव्याला द्या. तो परत लागला तर एसी, गाणी, जास्तीचे दिवे बंद करा आणि जवळच्या सुरक्षित जागी थांबा, कारण त्या वेळी गाडी बहुधा फक्त १२ व्होल्टच्या साठ्यावर चालत असते आणि तो संपला की मधल्या रस्त्यात इंजिन बंद पडेल.

आणि सेन्सरवरही डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो. मे २०२४ च्या शेवटी रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. पेपरांत मोठी बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. पॅकमध्येही तापमानाचे एकाहून जास्त सेन्सर असतात. पहाटे, रात्रभर सावलीत उभ्या गाडीत सगळे सेन्सर बाहेरच्या हवेइतकं आणि एकमेकांसारखं दाखवायला हवेत. एकच पंधरा अंश वर असेल तर पॅक तापलेला नाही, तो सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. ही चाचणी फुकट आहे. फक्त गाडी आदल्या संध्याकाळी तिथे सोडावी लागते.

पॅक खरोखरच गेला असेल तर ते कसं कळतं? ४८ व्होल्टच्या पॅकमध्ये साधारण १२ ते १४ सेल ओळीने जोडलेले असतात आणि कंपनीचा स्कॅनर प्रत्येकाचं व्होल्टेज वेगळं दाखवतो. गाडी शांत उभी असताना सगळे सेल तीसेक मिलीव्होल्टच्या आत असतील तर मी पुढे जातो. मग चालवत बघतो. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर एकच सेल इतरांना सोडून खाली कोसळतो का, ब्रेक मारल्यावर तोच सगळ्यात आधी वर उडतो का. दोन्ही वेळा तोच सेल वेगळा वागत असेल, फरक शंभर मिलीव्होल्टच्या पुढे जात असेल, गार आणि गरम दोन्ही अवस्थांत तसाच राहत असेल, तर पॅक गेला असं मी म्हणतो आणि ग्राहकाला तो आकडा दाखवतो. हे माझे कामाचे आकडे आहेत. तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये जी मर्यादा असेल ती यापेक्षा मोठी.

पट्टाही एकदा बघायला सांगा. मोटर-जनरेटरचा पट्टा दोन्ही दिशांनी ताण घेतो, त्याला ताणून धरणारा टेन्शनरही वेगळा असतो. सत्तर हजार किलोमीटर आणि धुळीत पट्टा चकाकून घसरायला लागतो, सुरू होताना चीं आवाज येतो. घसरला की वीज कमी तयार होते आणि दोष भलत्याच्या माथी जातो.

वायरमन भाऊंचा हेतू चांगला असेल, पण ते काम करू देऊ नका. मोटर-जनरेटर काढला की इंजिन, गिअर, ब्रेक, सगळे कॉम्प्युटर त्याला शोधत राहतात. गाडी कायम दिव्यांसहित चालेल, वॉरंटी जाईल, आणि पुढे विकायची ठरली तर गिऱ्हाईक हात लावणार नाही. ४८ व्होल्ट हे ६० च्या खाली आहेत म्हणून त्याचा झटका जिवावर बेतण्याइतका मानत नाहीत, पण भारावर कनेक्टर ओढला तर १२ व्होल्टसारखी ठिणगी विझून जात नाही, ती आर्क होऊन जळत राहते आणि हात, डोळे दोन्ही भाजतात. तसंच, गाडी बंद पडली तर टिप्परवरून २४ व्होल्टचा जंप कधीही घेऊ नका, १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरवरून चालेल. आणि मागच्या हौद्याला कॅरिअर किंवा जाळी वेल्डिंग करून घेतली असेल, तर ती कधी घेतली आणि बॅटरी सोडवून घेतली होती का, हे आठवून बघा. वेल्डिंगनंतर महिन्याभरात इशारे सुरू झाले असतील तर ते सर्व्हिस सेंटरला आपणहून सांगा. लपवलं तर निदान लांबतं.

सर्व्हिस सेंटरकडे जाताना वॉरंटी पुस्तक सोबत न्या. हायब्रिड पॅकची वॉरंटी बऱ्याचदा गाडीच्या वॉरंटीपेक्षा वेगळी आणि लांब असते. जॉब कार्डवर लेखी मागा: १२ व्होल्ट बॅटरीच्या चाचणीचा निकाल, अर्थचा व्होल्टेज ड्रॉप, कन्व्हर्टरचं आउटपुट, प्रत्येक सेलचं व्होल्टेज. कॉम्प्युटरांचं सॉफ्टवेअर अपडेट शिल्लक आहे का तेही विचारा. पॅक बदलायचाच असेल तर हे चार आकडे त्यांच्याकडे असायलाच हवेत, नाहीतर वॉरंटीत तो त्यांनाही मंजूर करून घेता येणार नाही.

तोवर दोन आकडे तुम्ही स्वतः काढा. सकाळी थंड गाडीवर बॅटरीचं व्होल्टेज, आणि दुपारी तीनच्या सुमारास इंजिन, एसी, हेडलाइट चालू असतानाचं व्होल्टेज. मागच्या सीटवरचे क्रेट काढून चार दिवस चालवा आणि इशारा येतो का ते लिहून ठेवा. हे आकडे आणि फ्रीज फ्रेमचा फोटो पाठवलात तर पुढे नेमकं काय उघडायचं ते मी सांगेन.